ड्रोनच्या ऑटोपायलट बोर्डाचे हार्डवेअर उड्डाणापूर्वी कसे पारखावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही चौघे सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. शेतांचे नकाशे काढण्यासाठी पावणेदोन किलो वजनाचा, चार मोटरींचा ड्रोन बांधणे हा आमचा प्रकल्प आहे. ऑटोपायलटसाठी दोन बोर्ड हाताशी आहेत. एक ‘पिक्सहॉक २.४.८’ या नावाने मिळणारा, विभागाच्या कपाटात पडून असलेला. आणि दुसरा एसटीएम३२एच७४३ प्रोसेसरचा, ३०.५ मिलिमीटर अंतराच्या भोकांचा छोटा बोर्ड, ज्यावर ‘६एस’पर्यंतची (सहा सेल ओळीने जोडलेली) बॅटरी चालते असे छापले आहे. दोन्हींवर आर्डुपायलट हे उड्डाणाचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डात भरायचे सॉफ्टवेअर, चालते, त्यामुळे प्रश्न फर्मवेअरचा नाही.

प्रश्न असा आहे की बोर्ड म्हणून बोर्ड चांगला आहे की नाही, हे उडवण्यापूर्वी कसे ठरवायचे? व्हिडिओंमध्ये प्रोसेसरचा वेग, सिरियल पोर्टांची संख्या आणि किंमत एवढेच सांगतात. आमच्याकडे मल्टीमीटर, करंट मर्यादित करता येणारा पॉवर सप्लाय, दहापट भिंग आणि महाविद्यालयातील १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप आहे. आमचा कल एच७४३ कडे आहे, कारण तो ४८० मेगाहर्ट्झवर चालतो आणि नवा आहे. हे कारण पुरेसे आहे का?

सोल्डरगंध

पुरेसे नाही. प्रोसेसरचे नाव सर्वांत शेवटी वाचावे, या मताचा मी आहे. पिक्सहॉकमधला जुना एफ४२७ प्रोसेसर १६८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि तुमच्या ड्रोनला लागणारे गणित त्यालाही जमते. एच७४३ मध्ये २ मेगाबाइट फ्लॅश आणि १ मेगाबाइट रॅम असल्याने आर्डुपायलटची सगळी वैशिष्ट्ये त्यात मावतात, हा फायदा खरा आहे. पण बोर्ड हवेत दगा देतो तो बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात किंवा सेन्सरांत, म्हणून परीक्षा तिथूनच सुरू करावी.

बोर्डाला वीज देण्याआधी मल्टीमीटरने बॅटरी, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट या तिन्ही ठिकाणांचा ग्राउंडशी रोध मोजा आणि वहीत लिहून ठेवा. कपॅसिटर भरत असल्यामुळे आकडा हळूहळू चढताना दिसेल, ते ठीक आहे. तो दोन-चार ओहमवरच अडकून राहिला, तर पुढे जाऊ नका. त्यानंतर सप्लाय १२ व्होल्टवर आणि करंटची मर्यादा ३०० मिलिअँपिअरवर ठेवून एच७४३ चा बोर्ड सुरू करा. पिक्सहॉकला बॅटरी थेट जोडायची नसते; त्याच्या पॉवर पोर्टला ४.८ ते ५.४ व्होल्टच द्या.

मग खरी परीक्षा घ्या. बोर्डावर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ लिहिले असेल, तर ते करवून पाहा. ५ ओहमचे दोन १० वॅटचे रोधक समांतर जोडले की बरोबर २ अँपिअर ओढले जातात. पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्या, व्होल्टेज किती उतरते ते पाहा आणि बक रेग्युलेटरची (बॅटरीचे व्होल्टेज उतरवून ५ व्होल्ट करणारी) चिप किती तापते ते थर्मोकपलने मोजा. छापील २ अँपिअर हे काही बोर्डांवर वारा लागत असतानाच मिळतात, आणि टेबलावर पाच मिनिटांत व्होल्टेज पडू लागते. जीपीएस, टेलिमेट्री रेडिओ, रिसीव्हर आणि कॅमेऱ्याचा ट्रिगर एकाच ५ व्होल्टवर घेणार असाल, तर ही नोंद तुम्हाला प्रोसेसरच्या वेगापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

स्कोपने रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, पाहताना प्रोबची लांब चिमट्याची ग्राउंड वायर काढून टाका आणि टोकाजवळची छोटी स्प्रिंग वापरा. नाहीतर त्या वायरने पकडलेला गोंगाट तुम्ही बोर्डाच्या नावावर मांडाल. बँडविड्थची मर्यादा २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ व्होल्टवर ३०-४० मिलिव्होल्ट रिपल असेल तर मला चिंता वाटत नाही. जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) ३.३ व्होल्टवर मात्र तेवढा दिसला तर वाटते. चांगल्या बोर्डावर जायरोसाठी स्वतंत्र एलडीओ, म्हणजे कमी गोंगाटाचा छोटा, रेग्युलेटर असतो. भिंगातून जायरोच्या जवळ पाच पायांची बारीक चिप दिसते का, ते शोधा.

टेकडीवरून

+१. विशेषतः प्रोबच्या स्प्रिंगबद्दल. ही एक गोष्ट प्रयोगशाळेत कोणी सांगत नाही.

उड्डाणवेडा

सोल्डरगंध यांच्याबद्दल आदर आहे, पण मी थोडा वेगळा विचार मांडतो. टेबलावर कंपन नसते, मोटरींचा करंट नसतो आणि पंख्यांचा वारा नसतो. बोर्ड कसा आहे ते लॉग सांगतो. मोकळ्या जागी, कमरेएवढ्या उंचीवर दोन मिनिटे स्थिर उडवा आणि आर्डुपायलटच्या लॉगमध्ये बोर्डाच्या व्होल्टेजचा आलेख काढा. ०.१ ते ०.१५ व्होल्टचा चढउतार सामान्य मानतात. त्याहून जास्त असेल, तर पुरवठा कमी पडतो आहे. कंपनाचे आकडे ३० मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या खाली हवेत, ६० च्या वर गेले की उंची राखण्यात अडचण जवळपास ठरलेली असते. त्याच लॉगमध्ये एक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) किती वेळा कमाल मर्यादेला जाऊन आपटला, त्याचीही मोजणी असते. ती शून्य असावी.

ज्याला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, त्यालाही हे वाचता येते. रोधक जोडून बोर्ड तापवत बसण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

सोल्डरगंध

उड्डाणवेडा, लॉगला माझा विरोध नाही, माझा आग्रह फक्त क्रमाचा आहे. पावणेदोन किलोचे यंत्र पहिल्यांदा जमीन सोडते, तेव्हा ५ व्होल्टचा पुरवठा भाराखाली टिकतो हे आधीच माहीत असले पाहिजे. शिवाय कंपनाचा आकडा वाईट आला, तर दोष बोर्डाचा, फ्रेमचा की पंख्याच्या असंतुलनाचा, हे लॉग एकट्याने सांगत नाही. टेबलावर पंखे काढून मोटरी फिरवल्या आणि जायरोचा गोंगाट तेव्हाही तितकाच राहिला, तर पंखे निर्दोष ठरतात आणि शोध निम्म्यावर येतो.

जुना_आरसीवाला

‘पिक्सहॉक २.४.८’ या नावाविषयी थोडे सांगतो, कारण त्यावरच बरेच अवलंबून आहे. पिक्सहॉकची सुरुवात झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात लोरेन्झ मायर यांच्या विद्यार्थी प्रकल्पातून झाली आणि २०१३ मध्ये थ्रीडी रोबॉटिक्सने तो बोर्ड बाजारात आणला. त्याचे आराखडे खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाले, त्यामुळे कोणीही तसा बोर्ड बनवू शकतो आणि त्यात गैर काही नाही. २.४.८ हा क्रमांक मात्र नंतर इतर उत्पादकांनी लावलेला आहे. त्या नावाखाली चांगले बोर्डही मिळतात आणि अर्धे सेन्सर गाळलेलेही मिळतात.

मूळ आराखड्यात एमपीयू६००० हा जायरो-एक्सेलरोमीटर, त्याच्या जोडीला एल३जीडी२०एच हा जायरो, एलएसएम३०३डी हा एक्सेलरोमीटर आणि कंपास, तसेच हवेच्या दाबावरून उंची सांगणारा एमएस५६११ हा बॅरोमीटर असतो. मिशन प्लॅनर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर आयडीचे पान आहे, तिथे बोर्डाला प्रत्यक्षात कोणते सेन्सर सापडले ते दिसते. तुमच्या बोर्डावर दुसरा जायरो सापडतच नसेल, तर नाव पिक्सहॉकचे असले तरी सेन्सरांची जोडी त्यात नाही.

दुसरी गोष्ट एफ४२७ चिपची. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये सिलिकॉनचाच एक दोष होता, ज्यामुळे २ मेगाबाइट फ्लॅशपैकी निश्चिंतपणे १ मेगाबाइटच वापरता येत असे. ‘३’ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. चिपवर छापलेले आवृत्तीचे अक्षर भिंगातून वाचा. दोष असलेल्या चिपवर आर्डुपायलटची कापलेली आवृत्तीच चालवावी लागते.

एका बाबतीत जुना पिक्सहॉक अजूनही वरचढ आहे. त्यात मोटर आणि सर्व्होच्या मुख्य आउटपुटसाठी स्वतंत्र सहायक प्रोसेसर आहे. मुख्य प्रोसेसर अडकला तरी विमानावर हाताने ताबा घेता येतो. छोट्या एच७४३ बोर्डांवर ही सोय सहसा नसते. चार मोटरींच्या ड्रोनला तिचा उपयोग नाही, कारण मुख्य प्रोसेसरशिवाय तो क्षणभरही स्थिर राहू शकत नाही. पण पुढे स्थिर पंखांचे विमान करणार असाल, तर लक्षात ठेवा.

शून्यबिंदू

जायरोबद्दल भर घालते. २०२१ च्या सुमारास चिपांचा तुटवडा झाला, एमपीयू६००० मिळेनासा झाला, आणि उत्पादकांनी बीएमआय२७० किंवा आयसीएम४२६८८पी बसवायला सुरुवात केली. नावात काहीच बदल न करता आत जायरो बदललेले बोर्ड त्या काळात आले. मॅटेक कंपनीच्या एच७४३ बोर्डाच्याही निरनिराळ्या आवृत्त्यांत जायरोच्या जोड्या बदलत गेल्या आहेत. तेव्हा इंटरनेटवर वाचलेले परीक्षण तुमच्या हातातल्या आवृत्तीचे आहे का, हे आधी तपासा.

चिपवरच्या छपाईवरही विसंबू नका. या घराण्यातील जायरोंच्या आत ओळख सांगणारे एक रजिस्टर असते. एमपीयू६००० तिथे हेक्स ६८ सांगतो, आयसीएम२०६०२ हेक्स १२ आणि आयसीएम४२६८८पी हेक्स ४७. छपाई एक आणि उत्तर दुसरे असेल, तर बोर्ड परत करा.

जागेकडेही पाहा. जायरो बक रेग्युलेटरच्या कॉइलला खेटून असेल तर तिची उष्णता आणि चुंबकीय गोंगाट दोन्ही त्याला मिळतात. स्क्रूच्या भोकाजवळ असेल तर स्क्रू आवळताना बोर्डाला आलेला ताण चिपपर्यंत पोहोचतो आणि शून्याचा बिंदू सरकतो. हे घरी तपासता येते. बोर्ड टेबलावर सपाट ठेवून जायरोचे वाचन पाहा, मग रबरी बुशांशिवाय चारही स्क्रू आवळा आणि पुन्हा पाहा. तिसऱ्या वेळी बोर्डाच्या एका कोपऱ्यावर बोटाने हलका दाब द्या. चांगल्या मांडणीच्या बोर्डावर वाचन जेमतेम हलते; वाईट बोर्डावर दाब सोडेपर्यंत वाचन शून्यापासून सरकलेले दिसते.

ईसारकाठ

मी म्युनिकमध्ये पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे काम करतो. सोल्डरगंध यांनी पुरवठ्यापासून सुरुवात केली ते योग्यच आहे, पण मला इनपुटच्या बाजूबद्दल अधिक बोलायचे आहे, कारण ‘६एस’ या छापील शब्दावर लोक फार लवकर विश्वास ठेवतात.

६एस बॅटरी पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट देते. बोर्डाच्या इनपुटवर छोटे सिरॅमिक कपॅसिटर असतात आणि बॅटरीच्या वायरीला इंडक्टन्स असतो. कनेक्टर जोडला की करंट धावत येतो आणि कपॅसिटर भरल्यावर एकदम थांबत नाही. लांब पाइपातले पाणी तोटी झटकन बंद केल्यावर जसा धक्का देते, तसा तो व्होल्टेज वर ढकलतो. पुरेशी शोषण-सोय नसेल तर शिखर बॅटरीच्या जवळपास दुप्पट होऊ शकते. २५ व्होल्टची बॅटरी आणि इनपुटवर ४५ व्होल्टचे शिखर, असे हे प्रकरण आहे. रेग्युलेटरची कमाल मर्यादा २८ किंवा ३० व्होल्टची असेल, तर प्रत्येक वेळी बॅटरी जोडताना तुम्ही त्या रेग्युलेटरचे आयुष्य कमी करता, आणि एके दिवशी ५ व्होल्टच्या पोर्टवर थेट बॅटरी येते.

‘आमच्या बोर्डावर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी शोषणारा) आहे’ एवढे ऐकून निश्चिंत होऊ नका. एसएमबीजे२६ए या डायोडच्या नावात २६ आहे, पण तो २९ ते ३२ व्होल्टच्या दरम्यान वाहू लागतो आणि पूर्ण आघाताखाली ४२.१ व्होल्टपर्यंत जाऊ देतो. त्याच्यामागे ३० व्होल्टचा रेग्युलेटर असेल, तर त्या डायोडचा आधार अर्धामुर्धाच आहे. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा.

सिरॅमिक कपॅसिटरची आणखी एक सवय आहे. २५ व्होल्टचा, ०८०५ आकाराचा, २२ मायक्रोफॅरड लिहिलेला कपॅसिटर त्याच्या मर्यादेजवळचे डीसी व्होल्टेज मिळाले की छापील क्षमतेचा फार थोडा भाग उरवतो. बोर्डाच्या छायाचित्रात कपॅसिटर मोजून उपयोग नाही, त्यांचा आकार पाहा. अगदी बारीक आकाराचे मोठ्या क्षमतेचे कपॅसिटर बॅटरीच्या बाजूला दिसले, तर मला शंका येते.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीच्या पॅडजवळ ३५ व्होल्टचा, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आखूड पायांनी लावा. तो भरही देतो आणि आपल्या अंतर्गत रोधाने ती उसळी मुरवतोही. तुमच्याकडे स्कोप आहे. कपॅसिटर लावण्याआधी आणि नंतर बॅटरी जोडतानाचे शिखर सिंगल ट्रिगरवर पकडा.

रत्नदुर्ग

कनेक्टरांबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. ईएससीकडे (मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटकडे) जाणारी आठ तारांची १ मिलिमीटर अंतराची जेएसटी केबल सगळ्या बोर्डांवर सारखीच दिसते, पण पिनांचा क्रम उत्पादकागणिक बदलतो. एका टोकाला बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज असते आणि शेजारी सिग्नल. दुसऱ्या कंपनीच्या ईएससीबरोबर आलेली केबल तशीच घुसवली, तर बॅटरी सरळ प्रोसेसरच्या पिनवर जाते. दोन्ही बाजूंच्या आकृत्या कागदावर काढून तार न तार मल्टीमीटरने तपासल्याशिवाय ती केबल जोडू नये.

पिक्सहॉकच्या नंतरच्या मानकात १.२५ मिलिमीटरचे, खटका असलेले जेएसटी-जीएच कनेक्टर आले. ते अडकतात आणि कंपनाने सुटत नाहीत. २.४.८ वर जुने, बिनखटक्याचे कनेक्टर असतात. जीपीएसची तार त्यातून अर्धी निसटली की कंपासही जातो. तिथे गरम गोंदाचा थेंब लावणे भाग आहे.

आणि मी रत्नागिरीचा असल्यामुळे खाऱ्या दमट हवेचा उल्लेख करणे माझे कर्तव्य आहे. बोर्डावर सिलिकॉनचा संरक्षक थर द्या, पण बॅरोमीटरचे छिद्र, यूएसबी, मेमरी कार्डाची खाच आणि बटणे झाकून मगच द्या. थर देण्याआधी फ्लक्सचा चिकट अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढा. तो थराखाली अडकला तर ओल धरतो.

वाचक_मात्र

अवांतर : परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे ना? मग हे बोर्ड येतात कसे?

जुना_आरसीवाला

फेब्रुवारी २०२२ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोन आणि त्यांचे पूर्ण किंवा अर्धे सुटे संच यांच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी परवानगीची वाट ठेवली. सुटे घटक त्या बंदीत नाहीत, म्हणून ऑटोपायलट बोर्ड येऊ शकतो. त्याचा या धाग्याशी संबंध इतकाच की बोर्ड अनेक हातांतून फिरत येतो आणि कोणत्या आवृत्तीचा आहे ते विक्रेत्यालाही ठाऊक नसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात मला एकाच खोक्यातून दोन वेगळ्या जायरोंचे बोर्ड मिळाले होते आणि दोन्हींवर नाव एकच होते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत बसून जमले तेवढे तपासले, निष्कर्ष मांडतो.

२.४.८ च्या बोर्डाला हार्डवेअर आयडीच्या पानावर एमपीयू६००० आणि एमएस५६११ सापडले. दुसरा जायरो सापडला नाही. खोका उघडून भिंगातून पाहिले, तर त्या चिपची जागा बोर्डावर आहे, पॅडही आहेत, चिप मात्र बसवलेली नाही. एफ४२७ वर आवृत्तीचा ‘३’ आहे, म्हणजे फ्लॅशचा प्रश्न नाही.

एच७४३ च्या बोर्डावर दोन आयसीएम४२६८८पी आहेत आणि ते वेगवेगळ्या एसपीआय बसवर (प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटांवर) आहेत. ५ व्होल्टवर २ अँपिअर ओढले तेव्हा व्होल्टेज ४.९४ वर स्थिर राहिले, पण रेग्युलेटर वीस मिनिटांत ९१ अंशांवर गेला. सव्वा अँपिअरवर तो ६३ अंशांवर थांबला. आम्हाला प्रत्यक्षात साधारण एक अँपिअर लागेल.

ईसारकाठ यांनी सांगितलेली चाचणी आम्हाला सर्वांत जास्त शिकवून गेली. भरलेली ४एस बॅटरी, म्हणजे १६.८ व्होल्ट, जोडताना इनपुटवर २७ व्होल्टचे शिखर दिसले. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पॅडजवळ लावल्यावर ते १९ च्या आसपास आले. आमच्या ड्रोनला ४एसच लागते, म्हणून आता ६एसचा विचार सोडला आहे.

एक शंका आहे. एच७४३ चा बोर्ड खिडकीजवळ ठेवला की उंचीचे वाचन मधूनच सरकते. बोर्डात दोष आहे का?

शून्यबिंदू

बहुधा नाही. बॅरोमीटरच्या चिपला झाकणात छिद्र असते आणि काही चिपांच्या सिलिकॉनवर थेट प्रकाश पडला की वाचन बदलते. एमएस५६११ याबाबतीत सर्वांना माहीत आहे. बोर्ड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, वाचन स्थिरावू द्या आणि बॅरोमीटरवर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आणा. उंची त्या क्षणी उडी मारत असेल, तर कारण प्रकाश आहे. खिडकीतल्या वाऱ्यामुळे सरकत असेल, तर टॉर्चने काही होणार नाही. दोन्हींवर उपाय एकच, खुल्या छिद्रांच्या काळ्या स्पंजाचा तुकडा. तो चिकटवू नका, वरच्या झाकणाने हलका दाबला जाईल असा ठेवा. २.४.८ ला खोका असल्यामुळे तुम्हाला हा प्रकार तिथे दिसला नाही.

दोन्ही आयसीएम४२६८८पी वेगळ्या बसवर आहेत हे चांगले आहे, कारण एक बस अडकली तरी दुसरी चालू राहते. पण दोन्ही एकाच जातीचे असल्याने कंपन किंवा तापमान यांचा त्रास दोघांना सारखाच होईल. निरनिराळ्या जातीचे दोन सेन्सर असलेला बोर्ड मला त्यामुळे अधिक आवडतो.

झरपट

तापमानाचा विषय निघाला म्हणून. मी चंद्रपूरचा. इथे मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात आणि काळ्या फ्रेममधला बोर्ड उडण्याआधीच त्याच्या बराच वर असतो. सकाळी जायरो कॅलिब्रेट केलेला ड्रोन दुपारी एका बाजूला सरकतो. क्यूबसारख्या महागड्या ऑटोपायलटमध्ये सेन्सर गरम ठेवणारा हीटर असतो, त्यामुळे सेन्सरचे तापमान ठरावीक राहते. तुमच्या बोर्डावर तो नसेल, तर आर्डुपायलटच्या ४.१ आवृत्तीपासून आलेले तापमान-कॅलिब्रेशन वापरा. बोर्ड हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये थंड करायचा, मग बाहेर काढून न हलवता सुरू करायचा आणि स्वतःच्या उष्णतेने तापू द्यायचा. त्या वेळात फर्मवेअर प्रत्येक तापमानाचा बदल शिकून घेते. पिशवी लगेच उघडू नका, बोर्डावर दव धरते.

सांगलीत एवढे ऊन नसेल, पण तुमचा रेग्युलेटर सव्वा अँपिअरवर ६३ अंशांवर जातो म्हणता. तो जायरोपासून किती लांब आहे?

कृष्णाकाठ

बोर्डाच्या विरुद्ध टोकाला आणि मागच्या बाजूला आहे. साधारण २२ मिलिमीटर. टॉर्चची चाचणी केली. उंची लगेच दीड मीटर सरकली. स्पंज लावल्यावर थांबली.

झरपट

मग बोर्डाची मांडणी करणाऱ्याने विचार केलेला आहे. फ्रीझरची प्रक्रिया तरीही करा.

उड्डाणवेडा

कृष्णाकाठ, तुमची नोंद वाचून एवढे मान्य करतो की बॅटरी जोडतानाचे ते शिखर कोणत्याही उड्डाण-लॉगमध्ये दिसले नसते. लॉग सुरू होण्याआधीच ते होऊन गेलेले असते. कंपन आणि व्होल्टेजसाठी लॉग मात्र काढाच.

सोल्डरगंध

मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमच्या मोजमापांवरून मी एच७४३ निवडेन आणि त्यात ४८० मेगाहर्ट्झचा वाटा नगण्य आहे. ५ व्होल्टचा पुरवठा तुमच्या गरजेच्या दुप्पट भारावरही टिकला, जायरो रेग्युलेटरपासून दूर आहे, दोन सेन्सर दोन बसवर आहेत आणि इनपुटची उसळी एका कपॅसिटरने आटोक्यात आली. हीच मोजमापे उलटी आली असती, तर मी याच धाग्यावर जुना बोर्ड घ्या म्हटले असते. २.४.८ टाकून देऊ नका. एकाच जायरोवर जमिनीवरची गाडी छान चालते आणि प्रथम वर्षाच्या मुलांना शिकवायला तो उत्तम आहे. मात्र त्याच्या सर्व्होच्या पट्टीवरून वीज देणार असाल, तर तिथे ५.६ व्होल्टचा झेनर डायोड जोडा, कारण डिजिटल सर्व्हो त्या पट्टीवर उसळी मारतात आणि व्होल्टेज ५.७ च्या वर गेले की बोर्ड तो पुरवठा तोडतो.

रत्नदुर्ग

एक बाब राहिली आहे. छोट्या एच७४३ बोर्डांवर सहसा कंपास नसतो, म्हणजे तुम्ही जीपीएसमधला बाहेरचा कंपास वापरणार. विक्रेत्याने एचएमसी५८८३एल म्हटले असले तरी आत क्यूएमसी५८८३एल निघणे अगदी नेहमीचे आहे. पहिल्याचा आय-टू-सी पत्ता (जोडणीवरचा ओळख-क्रमांक) हेक्स १ई असतो आणि दुसऱ्याचा हेक्स ०डी. आर्डुपायलटला दोन्ही चालतात, पण काय बसवले आहे ते माहीत असावे.

तो दांडीवर, बॅटरीच्या तारांपासून शक्य तितका वर बसवा आणि मोटरींच्या करंटचा त्याच्यावर किती परिणाम होतो ते आर्डुपायलटच्या कंपास-मोटर चाचणीने मोजा. त्यासाठी पंखे उलटे करून एकेक जागा पुढे सरकवून बसवायचे असतात, म्हणजे ड्रोन वर न उचलता खाली दाबला जातो. तरीही तो जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधाच. परिणाम ३० टक्क्यांच्या आत आला तर कंपासची जागा योग्य आहे. ३० ते ६० मध्ये आला तर दांडी वाढवा. ६० च्या वर आला, तर आधी बॅटरीच्या धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन घ्या, मग पुन्हा मोजा.

कृष्णाकाठ

दांडी सध्या ८ सेंटिमीटरची आहे. शनिवारी चाचणी घेऊन आकडा इथेच लिहितो.